आत्याच्या ताटातला हरबऱ्याचा पाला

“आरू कुठंय? आत्या, आरू कुठंय?”

“ही काय, माझ्यापाशी. आत्ताच डोळा लागलाय तिचा. वरडू नको.”

दिस बुडालता. माझ्या वटीत हरबऱ्याचे शेंडे, बोटं आंबीनं चरचरायलेली, आन् मी अंगनाच्या तोंडाशी उभी. आत्या म्हंजी माझी सासू. ती बाजंवर बसलेली, हात हळूहळू थोपटायलता, तोंडानं गुनगुनायलती. मी दोन पावलं पुढं गेले आन् बघितलं तर तिच्या हाताखाली गोधड्यांचं गाठोडं. दुपारी मीच उन्हात घालून बांधून ठेवलतं. आत्या गाठोड्याला थोपटायलती, आन् लेकरू कुठंच न्हवतं.

हौदाकडून आवाज आला का न्हाई, ते मला आजबी सांगता येत न्हाई. पाय आपले आपन पळाले. गुरांचा हौद, गुडघ्याएवढा कठडा. आरूचं लाल झबलं पान्यावर फुग्यावानी वर आलेलं आन् पाय वर, डोकं खाली. मी ओढली. उलटी धरली, पाठीत धपाटे घातले, नाकातून पानी आलं, तोंडातून आलं, मंग एक खोकला, मंग रडली. ती रडली तवा मी चिखलात खाली बसले. शेंडे सगळे सांडले. लेकरू छातीशी. तेवढ्यात बाजंवरून आत्या म्हनली,

“कोनाचं लेकरू रडायलं गं?”

मी काय म्हनले ते लिहू का? लिहिते. मी म्हनले, “आंधळे! तुझी नात रडायली, आंधळे!” सासूला अरेतुरे. त्या दिवसाआधी कधी तोंड वर करून बोलले न्हवते.

ही मागल्या सालची गोष्ट. आता परत हरबरा खुडायला आलाय. पौषातली थंडी, सकाळी पाल्यावर दहिवर, हात लावला की बोटाला खारट-आंबट आंबी लागती, चाटली की जिभेला झोंबती. घाटनांदूरच्या अंगाला आमचं गाव, जमीन थोडी, पन काळी हाय, हरबरा धरती. शेंडे खुडले की झाडाला फुटवे जास्त फुटतात, घाटे जास्त धरतात, म्हनून बाया खुडतात, आन् खुडलेलं खातात. गावात सगळ्या घरांतून ह्या दिवसात लसनाच्या फोडनीचा वास येतो. लोकांना त्या वासानं भूक लागती. मला त्या वासानं आधी राग येतो आन् मंग भूक लागती. दोन्ही एकाच जागी उठतात, पोटात.

राग कवाचा, ते सांगते. आरू पोटात व्हती तवाचा.

पहिलं बाळंतपन माहेरी करतात. पन माझं माहेर दसऱ्यापास्न कुलपात असतं. आई-बाप उसाला जातात, खाली कारखान्याकडं, पाचटाच्या कोप्या करून राहतात, ते उन्हाळ्यातच परत येनार. मला सातवा लागलता. ह्यांचं कामबी तेच, उसाचा ट्रॅक्टर चालवतात, सहा महिने तिकडंच. मंग घरात राहिलो आमी दोघी. मी आन् आत्या. चूल तिच्या हाती.

ती सकाळी मलाच शेतात पाठवायची शेंडे खुडायला. मी वाकून वाकून वटी भरायचे, पोट आडवं यायचं. घरी आनून निवडायचे मी, धुवायचे मी. शिजवायची ती. आन् ताट वाढताना मला भाकर आन् डाळीचं वरचं पानी. भाजी तिच्या ताटात.

“आत्या, जराशी भाजी...”

“पाला खाल्ला की लेकराला पोटात मुरडा येतो. आन् पोटभर खायचं न्हाई, लेकरू लई मोठं होतं मंग. गुमान जेव.”

पपई नको, उष्ण. शेवगा नको, लई उष्ण. अंडं तर नावच काढू नको, माळकरी घर हाय. दूध विकायला. मला रातच्याला सपनात भाजी दिसायची, खरं सांगते, कडईत शिजायलेली हिरवीगार भाजी, आन् मी हात घालायचे आन् हात रिकामाच यायचा.

मंग एक दिवस दिवेलागनीला मी पान्याची कळशी घेऊन येतेय आन् अंगन दिसंना. दिसंना म्हंजी अंधार झाला असं न्हाई. आभाळ पांढरं दिसायलतं, पन खाली जमिनीवर सगळं एकजात काळं, दार कुठं, उंबरा कुठं, काय कळंना. बाकीची मानसं आपली ये-जा करायलेली, त्यांना दिसतंय, मलाच न्हाई. मी भिंतीला हात लावत लावत आले. उंबऱ्याला ठेचकाळले, तांब्याची कळशी दगडावर आपटून चेपली, मी गुडघ्यावर पडले. पोटावर पडले असते तर?

आत्या हसली. खरंच हसली. शेजारच्या कौसाकाकूला हाक मारून म्हनली, “बघा बाई, आमच्या सूनबाईला दिस बुडाला की दिसत न्हाई. आन् सकाळ झाली की दिसतं. स्वयंपाकाच्या वखताला बराबर आंधळी होती.”

कौसाकाकू हसली. दारातून जानाऱ्या दोन बाया हसल्या. मी त्यांची तोंडं बघू शकत न्हवते, नुसतं हसनं ऐकू यायलतं. अंधारातून आलेलं ते हसनं. ते माझ्या कानातून अजून गेलं न्हाई.

पोटुशा बायांना बघायला घरोघर फिरनारी आशाताई आली तवा मी तिला दाराआड गाठून सांगितलं. ती तर घाबरलीच. म्हनली, “अगं, अंगात जीवनसत्त्व न्हाई तुझ्या, पोटातलं लेकरू सगळं वढून घेतंय, हिरवं-पिवळं खा, दवाखान्यात चल.” तिनं आत्याला समजावलं, मला दवाखान्यात नेलं, औषध दिलं. आत्या तिच्यापुढं हो हो म्हनली. ती गेली की म्हनली, “लई शिकलेल्या झाल्यात पोरी. आमी काय खाऊन पोरं काढली?” पन मंग आशाताई दर दोन दिवसाला यायची आन् मी तिच्यासमोर बसून खायचे, तिनं डब्यात आनलेलं. पंधरा-वीस दिवसात सांजेचं अंगन परत दिसायला लागलं. मला आठवतंय, पहिल्यांदा उंबरा दिसला तवा मी रडले. उंबरा बघून.

आरू झाली, बारीक, पन जिती, खनखनीत रडनारी. आत्या म्हनली, “बघ, पोरगी हाय ते हाय, पन नीट सुटलीस का न्हाई?” जसं काय तिनंच सोडवलं मला.

मी आठवीतून काढलेली बाई. मला लई शब्द येत न्हाईत. पन एक सांगते, बाईला मारलं तर ती इसरती, शिव्या दिल्या तर इसरती. ताटातलं काढून घेतलं तर न्हाई इसरत. ते रोज दोन वखत आठवतं.

आता मागलं साल.

तोवर आत्याचे दात बरेच गेलते. चहात भाकर कुस्करून खायची, सकाळीबी तेच, सांजबी तेच. मिश्रीचं बोट दिवसातून धा वेळा. हळूहळू भाकर करपायला लागली, डाळीत खडे निघायला लागले, मीठ दोनदा पडायला लागलं, आन् एक दिवस तिनं परात माझ्याकडं सरकवली. “तूच कर आता. मला धूर लागतो डोळ्याला.” अशी चूल माझ्या हाती आली. कुनी वाजतगाजत दिली न्हाई. परात सरकली, एवढंच.

आन् मंग एक दिवस दिवेलागनीला मी बघितलं. आत्या भिंतीला हात लावत चाललीय. उंबऱ्यापाशी थांबली. पायानं चाचपला. मंग वलांडला.

मला माहीत व्हतं ते काय हाय. गावात आत्याला इचारलं असतं तर ती म्हनली असती धूर, वय झालं, मोतीबिंदू. पन तो हात कसा फिरतो भिंतीवर, पाय कसा चाचपतो, ते माझ्याशिवाय त्या घरात कुनाला माहीत न्हवतं. मी जाऊन आलते तिथं.

आन् मी काय केलं? काहीच न्हाई. मी चुलीपाशी बसून राहिले. उलट लई बरं वाटलं मला. खोटं कावून बोलू? छातीत गरम गरम काहीतरी पसरलं, बाळंतिनीला अळीव दिल्यावर पसरतं ना, तसं.

त्या दिवसापास्न मी दुपारी, आत्या देवळात भजनाला गेली की, हरबऱ्याची भाजी करायचे. लसून ठेचून, दान्याचं कूट घालून, घट्ट. आरूला भरवायचे, मी खायचे, कडई घासून पालथी. आत्या आली की भाकर-चहा. एकदा तिनं इचारलंच, “यंदा शेंडे खुडले न्हाई का गं?”

मी म्हनले, “खुडले की. पन पाल्यानं मुरडा येतो ना, आत्या? तुमीच सांगितलतं.”

तिनं मिश्रीचा डबा चाचपला, बोट घातलं. मला वाटलं आता काहीतरी बोलंल, भांडंल, मंग मी सगळं काढीन, कळशी काढीन, त्या बायांचं हसनं काढीन. तीन वर्सं मी ते भांडन मनात पाठ करून ठेवलतं, शाळेत कविता पाठ करतात तसं. पन ती बोललीच न्हाई. भांडनबी मिळू दिलं न्हाई तिनं मला.

दीड महिना. दीड महिना मी तिला चहा-भाकरीवर ठेवलं. मार्गशीर्ष सरला, पौष लागला. रोज सांजच्याला मी बघायचे तिचा हात भिंतीवरून कसा चाललाय. आज जास्त थांबली. आज दाराऐवजी खिडकीला लागली. आज पान्याचा तांब्या जागेवरून हलवला तर तिला सापडंना, मीच हलवलता. हे पन लिहिते, लिहायचंच हाय तर सगळं लिहिते.

आन् ज्या बाईला दिसत न्हाई हे मला एकटीला माहीत व्हतं, तिच्यापाशीच माझं लेकरू ठेवून मी शेतात जायचे. रोज उजेड असेस्तोवर परत यायचे. त्या दिवशी उशीर झाला. वरच्या वाफ्यातला पाला कवळा व्हता, म्हनलं अजून एक वटी, अजून थोडं. एवढंच.

हौदावरचं वरडनं ऐकून कौसाकाकू पळत आली. तिनं आरूला उघडी करून पदरानं पुसली, शेगडीपाशी नेली, मंग आत्याच्या हाताखालचं गाठोडं बघून मला म्हनली, “म्हातारीला दिसत न्हाई तर लेकरू कावून सोडलंस गं तिच्यापाशी?”

मी म्हनले, “मला काय माहीत तिला दिसत न्हाई? कधी बोलली का ती?”

आत्या बाजंवर बसलेली. सगळं ऐकत व्हती. तिचा हात अजून गाठोड्यावरच. तिनं नुसतं तोंड माझ्याकडं वळवलं, जिथून माझा आवाज आला तिकडं.

आरूला सकाळी डॉक्टरला दाखवलं, छाती मोकळी निघाली. मंग मी आत्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मनानं न्हाई नेलं. कौसाकाकूनं गावभर केलतं, नेलं नसतं तर लोकांनी तोंडात शेन घातलं असतं. एसटीत आत्या खिडकीला बसली, मी आरूला मांडीवर घेऊन बाजूला.

डोळ्याची डॉक्टरीन तरनी पोरगी, माझ्याच वयाची असंल, बोलायला गोड. तिनं आत्याच्या डोळ्यात बॅटरी मारली, थेंब घातले, बसवून ठेवलं, परत बघितलं. मंग इचारलं, “आजी, जेवनात रोज काय असतं?”

आत्या आता सांगनार. चहा-भाकर, सून पाला शिजवती आन् मला देत न्हाई. सांगू दे. मी पन सांगते मंग.

आत्या म्हनली, “सगळं असतं की, बाई. सून लई करून घालती. मलाच दात न्हाईत, मला जात न्हाई.”

मला असं झालं की हिचं तोंड दाबावं. माझी बाजू घेनारी ही कोन? माझी चूक झाकून माझ्यावर उपकार करनारी ही कोन?

डॉक्टरीन म्हनली, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, पुढं ऑपरेशननं काढता येतो, त्याचं एवढं न्हाई. सांजेचं दिसत न्हाई ते जेवनामुळं, औषध देते, खायला लागल्या की पुष्कळ सुधरंल. पन डाव्या डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय, मधोमध, तिथं जे गेलं ते परत येत न्हाई. उजव्याचा पडदा अजून चांगला हाय, तो जपा. मंग तिनं मला समोर बसवून शिकवलं, जशी काय मी शाळेत बसलेय. हिरवा पाला रोज, पन रोज म्हंजी रोज, एक दिवस पातेलंभर खाऊन आठ दिवस काय न्हाई असं न्हाई चालत. शेवग्याचा पाला, मेथी, हरबऱ्याचा पाला, जे घरचं हाय ते. पिवळा भोपळा, गाजर, पिकलेली पपई. अंडं खात असतील तर पिवळ्या बलकासकट. फोडनीला तेल पायजे, नुसतं उकडून घातलं तर अंगाला लागत न्हाई. दात न्हाईत तर मऊ शिजवून घोटून द्या, पन पानी फेकू नका. उन्हात डोक्याला पदर. आन् मिश्री बंद, तंबाखूनं डोळ्याच्या नसा सुकतात. म्हातारपनात डोळे आधीच झिजत्यात, ताटातनं त्यांना रोजचं खत पडलं पायजे.

मी दाराशी परत वळले, आत्या बाहेर गेलती. हळूच इचारलं, “डॉक्टरीनबाई, डावा डोळा कशानं गेला? वयानं का जेवनानं?”

“दोन्हीनं असंल. वयानं किती आन् जेवनानं किती, ते कुनालाच सांगता यायचं न्हाई.”

“एक-दीड महिना नीट जेवन न्हाई मिळालं तर एवढं होतं का?”

तिनं माझ्याकडं बघितलं. “हे लई दिवसांचं असतं हो. पन शेवटी शेवटी काय झालं, ते मी कसं सांगनार?”

तेवढंच. किती माझं आन् किती वयाचं, ते कुनीच सांगनार न्हाई. मी सूड घेतला का न्हाई घेतला, हेबी मला कुनी सांगनार न्हाई. सूड घ्यावा तर पुरता घ्यावा मानसानं. असा अर्धा, मापात न बसनारा, हा नुसता अंगाला चिकटून राहतो, आंबीवानी.

परत आल्यावर मी वाढायला लागले. मायेनं न्हाई. रागानं. परातीत भाकर कुस्करायची, वर घोटलेली भाजी वतायची, ताट आदळायचं पुढं. “खा.” पाल्याचा एक दोरा ताटात राहू द्यायचे न्हाई. ज्या ज्या गोष्टी मला खाऊ दिल्या न्हाईत त्या सगळ्या मी तिच्या नरड्याखाली घातल्या. शेवगा खा, लई उष्ण असतो, खा. भोपळा खा. मिश्रीचा डबा तिच्यासमोर उकिरड्यात फेकला, ती तीन दिवस थरथरली, मी बघत बसले. बाजारात पपईवाले चाचा इचारायचे, “क्या बेटी, हर हप्त्याला पपई? घरात कोन हाय पपईचं येडं?” मी म्हनायचे, सासू. चाचा म्हनायचे, “नशीबवाली हाय तुझी सास. माझी बहू तर मला चहा बी थंडा देती.” आन् नीट वास घेऊन, देठाशी दाबून, पिकलेली काढून द्यायचे. मी हसायचे. काय सांगू चाचाला.

महिन्याभरात आत्याला सांजच्याला उंबरा दिसायला लागला. रडली न्हाई ती. मला तेबी बघायचं व्हतं, तिनं उंबरा बघून रडायला पायजे व्हतं. ती नुसती म्हनली, “उंबऱ्याचा दगड फुटलाय की गं एका बाजूनं.” तो माझ्या कळशीनंच फुटला का, ते तिनं इचारलं न्हाई आन् मी सांगितलं न्हाई. पन डाव्या डोळ्यानं बघितलं की मानसाचं तोंडच गायब होतं, म्हनती. कडेकडेचं दिसतं, कान, पदर, केस, मधलं तोंड न्हाई. डाव्या अंगाला मी बसले की तिच्यासाठी मला तोंड नसतं.

एकदा शेतात, घाटे सोलत बसलो व्हतो, मागल्या सालचाच हंगाम सरत आलता. मी धरलं तिला.

“मला कावून उपाशी ठेवलंत तवा?”

तिनं हातातला घाटा फोडला. मंग म्हनली, “माझी थोरली लेक बाळंतपनात अडून मेली. लेकरू मोठं व्हतं. सोळा वर्सांची व्हती. तिला मी लई खाऊ घातलतं, हौसेनं.”

मला हे कारन नको व्हतं. मला वाईट सासू पायजे व्हती, ती पन माझ्यापास्न काढून घेतली हिनं. मी म्हनले, “मंग हसलात कावून?”

तिनं पुढचा घाटा उचलला.

मंग आपली आपनच म्हनली, “तू दुपारची भाजी करायचीस ते मला कळत व्हतं. कडईला वास ऱ्हातो की गं. डोळं गेले, नाक कुठं गेलं.”

“मंग मागितली कावून न्हाई?”

“कोनत्या तोंडानं मागू?”

एवढंच बोलली. माफ कर म्हनली न्हाई. मी वाट बघत व्हते, देवाशपथ वाट बघत व्हते, एवढे दोन शब्द पडले असते तर मी... काय केलं असतं काय माहीत. पडलेच न्हाईत. तिनं ओंजळभर घाटे सोलून माझ्या टोपल्यात टाकले, आन् आमी उठलो.

तवापास्न वर्स झालं. मी रोज वाढते. ती रोज खाते. हे फोनवर इचारतात, आईच्या डोळ्याला काय झालतं, तर आत्या माझ्या हातातला फोन घेऊन सांगती, वय झालं बाबा. आरू आता चार वर्सांची होईल, तिच्या ताटात सगळं असतं, हिरवं, पिवळं, ती तोंड वाकडं करती, मी भरवते. हौदाला मी जाळी बसवून घेतली. मला वाटायलतं राग निवायलाय. चूल इझत आली की राखंखाली थोडा इस्तू ऱ्हातो, तेवढाच राहिलाय, असं वाटायलतं.

मंग आजची गोष्ट.

आज दुपारी कौसाकाकूची सून आलती. पोरगी एकोनीस वर्सांची, आठवा चालू हाय. तिचंबी माहेर उसाला गेलंय, कुलूप हाय. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. मी भाजी चुलीवर ठेवलती, तिनं नाकानं वास वढला आन् कडईकडं बघितलं. मला ते बघनं माहीत हाय. मी वाटी घ्यायला उठले.

आन् बाजंवरून आत्या म्हनली, “पाला नको खाऊ गं पोरी. लेकराला मुरडा येतो. आन् कमी खात जा, नीट सुटशील.”

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. मी म्हनले, “आत्या, डॉक्टरीन काय म्हनली? तुमी रोज काय खाताय?”

“ते म्हातारपनाचं हाय, डोळ्यांचं. हिला काय झालंय? तरनी पोर हाय, हिचे डोळे चांगलेत.”

ती पोरगी आत्याकडं बघायली, माझ्याकडं बघायली. वाटी घेऊ का नको. मी वाटी भरली, तिच्या हातात कोंबली, “खा, माझ्यासमोर खा, आन् उद्या परत ये,” म्हनले, आन् तिनं पाठ फिरवून, भीतीपोटी, गपागपा खाल्ली. आत्या तोंड वळवून बसली. वर म्हनती, “माझं काय, मी चांगल्यासाठी सांगते.”

तवापास्न माझं अंग जळायलंय. एवढं होऊन. एक डोळा जाऊन, नात हौदात पडून, माझी कळशी, ते हसनं, सगळं होऊन. ह्या गावात अजून किती पोरींच्या ताटातला पाला ही बाई काढनार?

आता दिवेलागन झालीय. आत्या पाटावर बसलीय, पुढं ताट. भाकर कुस्करून झाली. कडईत भाजी हाय, गरम, तेलाची तार वर आलेली. पळी माझ्या हातात. उजवा डोळा तेवढा राहिलाय तिचा, आन् तो ह्या पळीवर हाय, रोजच्या रोज, हे तिला माहीत हाय आन् मलाबी. आरू माझ्या पदराला धरून उभी हाय, बघायली मी काय करते ते. आत्या मागत न्हाई. ती कधीच मागनार न्हाई. भाकर थंड व्हायली.

तुमी माझ्या जागी असतात, तर काय केलं असतं?